माद्रिदहून तोलेदो: मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल कशी आखावी

स्पेन पाहायला गेलेल्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमात तोलेदोसाठी राखलेला एक दिवस बहुधा असतोच, आणि बहुधा तो अर्धाअधिक वाया जातो. सकाळी बसमध्ये बसवायचे, नदीपलीकडच्या रस्त्यावर उतरवून छायाचित्रे काढू द्यायची, एखाद्या तलवारींच्या दुकानात पाऊण तास घालवायचा, कॅथीड्रलचा इतिहास दाराबाहेर उभे राहून सांगायचा आणि दुपारी दोनच्या सुमारास माद्रिदला परत आणून सोडायचे, अशा सहली तिथे पुष्कळ विकल्या जातात. पहिल्या वेळी मीही अशाच एका सहलीला गेलो होतो आणि परतताना ‘गाव सुंदर आहे’ यापलीकडे मला काहीही सांगता आले नसते. पुढच्या खेपेस सहल निवडताना जी काळजी घेतली, ती प्रथमच जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

स्पॅनिश उच्चार ‘तोलेदो’ असा आहे. आपल्याकडे ‘टोलेडो’ही लिहितात. माद्रिदच्या नैर्ऋत्येस सुमारे ७० किलोमीटरांवर हे गाव एका खडकाळ टेकडीवर वसलेले असून ताहो नदीने त्याला तीन बाजूंनी वेढा घातला आहे. १९८६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. जुने गाव पायी फिरण्याजोगे लहान आहे आणि हातातला फोन वाट दाखवतोच, तेव्हा मार्गदर्शक कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. तोलेदोत मार्गदर्शक लागतो तो इमारती वाचून दाखवायला. तिथली मशीद पुढे चर्च झाली आहे, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह चर्च होऊन आज स्मारक म्हणून उभे आहे आणि चर्चच्या विटांची रचना मुसलमान कारागिरांच्या हातची आहे. हे थर उलगडून सांगणारे कोणी सोबत नसेल, तर सगळ्या गल्ल्या आणि सगळ्या कमानी सारख्याच दिसू लागतात. म्हणून सहलीची पारख करताना एकच प्रश्न मुख्य मानावा: मार्गदर्शक आपल्याला किती इमारतींच्या आत नेणार आहे?

जाण्यापूर्वी एवढा इतिहास ठाऊक असावा

मार्गदर्शकाच्या बोलण्यात चार कालखंड सतत येतात आणि ते आधीच डोक्यात असले तर पुढचा दिवस सोपा जातो. सहाव्या शतकात तोलेदो ही व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या राजांची राजधानी झाली; ५८९ मध्ये इथेच भरलेल्या धर्मसभेत राजा रेकारेद याने कॅथलिक पंथाचा स्वीकार जाहीर केला. ७११ मध्ये अरब आणि बर्बर सैन्य आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, उतरल्यानंतर थोड्याच काळात हे शहर मुसलमानी अमलाखाली गेले आणि जवळजवळ पावणेचारशे वर्षे तसेच राहिले. १०८५ मध्ये कास्तिल या ख्रिस्ती राज्याचा राजा सहावा अल्फोन्सो याने ते घेतले. पुढची चार शतके ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान एकाच गावात नांदत होते; हे नांदणे नेहमी गुण्यागोविंदाचे होते असे मात्र नाही, कारण १३९१ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले आणि १४९२ मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. शेवटची तारीख १५६१ची. त्या वर्षी दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला, तोलेदोचे राजकीय महत्त्व ओसरले, आणि राजधानीला जी पाडापाडी व नवी बांधकामे सोसावी लागतात त्यांतून हे गाव बरेचसे बचावले. आज जे मध्ययुगीन गाव आपण पाहतो, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

भारतीय वाचकासाठी आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मार्गदर्शक ती सांगेलच असे नाही. अकराव्या शतकात तोलेदोत साइद अल-अंदलुसी नावाचा काझी होता. जगातील कोणकोणत्या लोकसमूहांनी विद्येची जोपासना केली, याचा आढावा त्याने १०६८ मध्ये लिहिला आणि त्यात पहिले स्थान हिंदच्या लोकांना दिले. बाराव्या शतकात याच गावात अरबी ग्रंथांचे लॅटिन अनुवाद करण्यासाठी युरोपभरातून विद्वान येऊ लागले. इटलीतून आलेल्या क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीच्या खगोलग्रंथाबरोबरच अल-ख्वारिझ्मीच्या बीजगणिताचाही अनुवाद केला. संस्कृतातली ‘ज्या’ अरबीत ‘जीबा’ झाली, स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे ती ‘जैब’ म्हणजे कपड्याची खोळ अशी वाचली गेली, आणि त्या शतकातील लॅटिन अनुवादकांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला. शाळेतल्या त्रिकोणमितीचा ‘साइन’ तो हाच. तेराव्या शतकात, तोलेदोतच जन्मलेल्या दहाव्या अल्फोन्सोच्या सांगण्यावरून आपल्या पंचतंत्राचा अरबी अवतार कास्तिलियन भाषेत उतरवण्यात आला. दमनक आणि करटक हे कोल्हे इतक्या दूरवर पोचले होते, हे माहीत असले की त्या गल्ल्यांतून चालताना परकेपणा थोडा कमी होतो.

दिवस कोणता निवडावा

मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस सर्वांत चांगला. सोमवारी सेफार्दी संग्रहालय (म्हणजेच एल त्रान्सितो सिनेगॉग) आणि चित्रकार एल ग्रेको याचे संग्रहालय बंद असतात. रविवारी ती दुपारनंतर बंद होतात, तर कॅथीड्रलमध्ये सकाळी उपासना चालत असल्याने पर्यटकांना दुपारीच प्रवेश मिळतो. शनिवारी माद्रिदकरच मोठ्या संख्येने तोलेदोला येतात. ऋतूंपैकी एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे महिने सुखाचे. जुलै-ऑगस्टमधला उन्हाळा हा विदर्भाच्या उन्हाळ्याचा भाऊ शोभावा असा असतो आणि दगडी गल्ल्या दुपारी तापून निघतात. त्या महिन्यांत जायचेच असेल तर सकाळी शक्य तितक्या लवकर निघणारी सहल घ्यावी. हिवाळ्यात गर्दी कमी असते, परंतु थंडी बोचरी असते आणि नदीवरून धुके चढते.

ईस्टरनंतर साधारण दोन महिन्यांनी येणारा कॉर्पस क्रिस्ती हा तोलेदोचा सर्वांत मोठा उत्सव. मिरवणुकीच्या मार्गावर गल्ल्यांच्या वरून कापडी छत ताणलेले असते आणि कॅथीड्रलमधली सोन्यारुप्याची प्रचंड ‘कुस्तोदिया’, म्हणजे पवित्र प्रसादाची भाकरी दर्शनासाठी ठेवण्याचे मखर, त्या दिवशी बाहेर निघते. आपल्याकडच्या पालखी सोहळ्याची सवय असलेल्या माणसाला तो दिवस आवडेल. इमारती नीट पाहण्याच्या दृष्टीने मात्र त्याच्या काही दिवस आधी जाणे शहाणपणाचे, कारण तेव्हा सजावट झालेली असते आणि रस्ते मोकळे असतात.

सहल निवडताना काय वाचावे

माद्रिदहून निघणाऱ्या सहली ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार अर्ध्या दिवसाच्या बसच्या सहलीचा. तिच्यात जाण्यायेण्याचा वेळ वजा केला तर गावात जेमतेम तीन तास उरतात. दुसरा प्रकार पूर्ण दिवसाचा, ज्यात सकाळी मार्गदर्शकासह फेरी आणि दुपारी मोकळा वेळ असतो. तिसरा प्रकार तोलेदो आणि सेगोव्हिया ही दोन्ही गावे एकाच दिवसात दाखवण्याचा. सेगोव्हिया माद्रिदच्या उत्तरेस डोंगरापलीकडे आणि तोलेदो दक्षिणेकडे, त्यामुळे या तिसऱ्या प्रकारात दिवसाचा मोठा भाग बसच्या खिडकीतून जातो. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण मी तरी ती सहल कोणाला सुचवणार नाही.

चौथा मार्गही आहे आणि थोडाफार युरोप फिरलेल्या माणसाला तोच सर्वांत सोयीचा वाटेल, तो असा की प्रवास स्वतः करायचा आणि मार्गदर्शक फक्त तोलेदोत घ्यायचा. माद्रिदच्या अतोचा स्थानकावरून ‘आवान्त’ ही जलद गाडी अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात तोलेदोला पोचवते. प्लाथा एलिप्तिका येथील बसस्थानकावरून बसही वारंवार सुटतात आणि त्यांना साधारण एक ते दीड तास लागतो. गाडीची तिकिटे लवकर संपतात, म्हणून जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकदमच काढून ठेवावे. अतोचाला सामानाची तपासणी होते. गाडीच्या वेळेआधी अर्धा तास तरी तिथे असावे. गावात पोचल्यावर थोकोदोवेर चौकातून निघणाऱ्या पायी फेऱ्यांपैकी एक आधी ठरवून ठेवता येते.

कोणताही प्रकार निवडला तरी जाहिरातीतील पुढील बाबी शब्दशः वाचाव्यात. ‘कॅथीड्रल’ या शब्दापुढे ‘बाहेरून’ असे लिहिले आहे का, हे प्रथम पाहावे. ‘एन्त्रादा इंक्लुइदा’ म्हणजे प्रवेशशुल्क धरलेले आहे, आणि ‘व्हिसिता पानोरामिका’ म्हणजे बहुधा बसमधून किंवा लांबून दर्शन. फेरी एका भाषेत आहे की दोन, याची चौकशी करावी. स्पॅनिश आणि इंग्रजी अशी द्विभाषी फेरी असेल तर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जाते आणि आपल्या वाट्याला निम्माच वेळ येतो. गट किती जणांचा आहे आणि कानात घालायचे श्रवणयंत्र मिळते का, हेही विचारावे. अरुंद गल्लीत तीसपस्तीस जणांच्या रांगेच्या शेपटाला असणाऱ्याला यंत्राविना काहीही ऐकू येत नाही. ‘कारागिरांच्या कार्यशाळेला भेट’ असे कार्यक्रमात असेल तर ते दुकान असते असे खुशाल धरून चालावे. त्यात वाईट काही नाही, फक्त तो वेळ इमारतींच्या वाट्यातून वजा होतो. शेवटी, आयत्या वेळी रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट काय आहे, तीही पाहून ठेवावी.

स्पेनमध्ये मार्गदर्शकाचा परवाना त्या त्या प्रांताचे सरकार देते आणि तोलेदो माद्रिदपेक्षा वेगळ्या, कास्तिया-ला मांचा या प्रांतात येते. त्यामुळे अनेक सहलींमध्ये माद्रिदहून एक व्यक्ती सोबत येते आणि गावात शिरताना स्थानिक मार्गदर्शक गटाचा ताबा घेतो. ही फसवणूक नव्हे. उलट, स्थानिक माणूस मिळणे चांगलेच. ‘विनामूल्य’ म्हणून जाहिरात होणाऱ्या फेऱ्या प्रत्यक्षात शेवटी स्वेच्छेने पैसे देण्याच्या असतात आणि त्या बहुतेककरून इमारतींच्या बाहेरच फिरतात. गावाची तोंडओळख करून घ्यायला त्या पुरेशा आहेत.

आदल्या दिवशीची तयारी

पादत्राणे ही इथली सर्वांत महत्त्वाची वस्तू. फरसबंदी दगडगोट्यांची, गुळगुळीत झालेली आणि चढउताराची असल्याने जाड तळव्याचे, पायाला रुळलेले बूट घालावेत; सपाट चपला आणि नवे कोरे बूट दोन्ही त्रास देतात. पारपत्राची छायाप्रत जवळ ठेवावी. शेंगेन व्हिसा असताना या सहलीसाठी वेगळे काही लागत नाही. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, तरी थोडे सुटे युरो असावेत. कॅथीड्रल हे चालते पूजास्थान आहे, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालणे बरे. सहलीच्या भेटीचे ठिकाण आदल्या संध्याकाळीच एकदा नकाशावर पाहून घ्यावे. माद्रिदच्या मेट्रोत आणि गर्दीच्या चौकांत पाकीटमार असतात, म्हणून पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक ११२ आहे.

मुलाबाळांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना सोबत नेणारे मराठी लोक बरेच असतात, त्यांच्यासाठी एक विशेष सूचना. रेल्वे स्थानकापासून जुन्या गावापर्यंत अल्कांतारा पुलावरून पायी जाणे अतिशय रम्य असले तरी शेवटचा चढ दमवणारा आहे. त्याऐवजी टॅक्सी किंवा शहर बसने थेट थोकोदोवेर चौकात जावे. बसच्या सहली बऱ्याचदा तटबंदीच्या पायथ्याशी उतरवतात. तिथून वर जाण्यासाठी बिसाग्रा दरवाजाजवळ रेकारेदो रस्त्यावर टेकडीच्या पोटात बसवलेले सरकते जिने आहेत. आपली सहल ते जिने वापरते का, हे आधीच विचारून घ्यावे. सहल वरच्या टोकापासून सुरू होऊन उताराच्या दिशेने जाणारी असेल तर गुडघ्यांची कुरकुर निम्म्याने कमी होते.

गावातला क्रम

मार्गदर्शकाचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात ढवळाढवळ करू नये. तरी कुठे लक्ष द्यायचे हे आपल्या हातात असते. माझ्या मते या गावाची किल्ली क्रिस्तो दे ला लुथ या चिमुकल्या मशिदीत आहे. ती ९९९ साली बांधली गेली आणि त्या सालाची नोंद तिच्या दर्शनी भिंतीवर विटांच्या कूफी, म्हणजे कोनदार अरबी अक्षरांत अजून वाचता येते. आत चार खांब आहेत, त्यांच्यावर नऊ लहान घुमट आहेत आणि नऊही घुमटांच्या फासळ्यांची नक्षी वेगवेगळी आहे. खांबांचे शिरोभाग मात्र त्याहून जुन्या व्हिसिगॉथ इमारतींमधून आणून बसवलेले आहेत, आणि एका बाजूला बाराव्या शतकात जोडलेला चर्चचा अर्धगोल भाग आहे. म्हणजे एखाद्या देवघराएवढ्या जागेत या गावाचे तीन कालखंड एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. सहाव्या अल्फोन्सोने गावात प्रवेश केला तेव्हा त्याच्या घोड्याने या दारापुढे गुडघे टेकले, अशी दंतकथा आहे आणि त्या जागेचा पांढरा दगड रस्त्यात दाखवला जातो. सहलीत ही मशीद नसेल तर मोकळ्या वेळेत ती स्वतः पाहावी. वीस मिनिटे पुरतात.

थोकोदोवेर चौकाच्या नावातच इतिहास आहे. अरबीतल्या ‘सूक अद-दवाब’ म्हणजे गुरांच्या बाजारावरून ते पडले. तसेच ‘अल्कांतारा’ म्हणजे अरबीत पूल, त्यामुळे ‘अल्कांतारा पूल’ म्हणणे हे ‘पूल पूल’ म्हणण्यासारखे आहे. असे शब्द मार्गदर्शकाला विचारत राहिले तर तोही खुलतो, असा माझा अनुभव आहे. चौकालगत दिसणारा चार बुरुजांचा अल्काथार हा राजवाडा १९३६च्या यादवी युद्धातील वेढ्यात जवळपास उद्ध्वस्त झाला होता; आज दिसतो तो पुन्हा उभारलेला, आणि त्यात लष्करी संग्रहालय आहे. एका दिवसाच्या सहलीत तो बाहेरूनच पाहिलेला बरा.

कॅथीड्रलला किमान दीड तास द्यावा. १२२६ मध्ये तिसऱ्या फर्नांदोच्या काळात तिचे काम सुरू झाले आणि १४९३ मध्ये ते पुरे झाले. त्याआधी त्या जागी गावची मुख्य मशीद होती. शहर ताब्यात घेताना मशीद मुसलमानांकडेच राहील, असे सहाव्या अल्फोन्सोने वचन दिले होते, परंतु तो बाहेरगावी असताना राणी आणि आर्चबिशप यांनी ती बळकावली. राजा संतापून परत आला तेव्हा अबू वलीद नावाच्या एका मुसलमान पंडितानेच मध्यस्थी करून त्याला शांत केले, अशी आख्यायिका सांगतात. मुख्य वेदीच्या दालनात त्या पंडिताचा पुतळा आहे. ख्रिस्ती कॅथीड्रलच्या गाभाऱ्यात एका मौलवीची मूर्ती असणे ही अजब बाब आहे आणि ती आपणहून दाखवणारा मार्गदर्शक चांगला समजावा. वेदीच्या मागे नार्सिसो तोमे याने १७३२ मध्ये पूर्ण केलेले ‘त्रान्सपारेन्ते’ आहे. मागच्या बाजूच्या छतालाच भोक पाडून त्यातून उजेड आत सोडला आहे, म्हणून तिथे पोचल्यावर वर बघायला विसरू नये. वस्त्रागारात एल ग्रेकोचे ख्रिस्ताची वस्त्रे उतरवल्याचे चित्र आहे, आणि कोशागारात एन्रिके दे आर्फे याने १५१७ ते १५२४ या काळात घडवलेली ती कुस्तोदिया. जुन्या मोसाराब पद्धतीची, म्हणजे अरबी राजवटीत राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी जपलेली उपासना आजही इथल्या एका दालनात होते.

तिथून पश्चिमेकडे उतरत गेले की जुनी ज्यू वस्ती लागते. वाटेतल्या सांतो तोमे चर्चमध्ये लोक एकाच चित्रासाठी रांग लावतात. क्रीट बेटावर जन्मलेला आणि १५७७ मध्ये तोलेदोत येऊन इथलाच झालेला एल ग्रेको याने १५८६ ते १५८८ या काळात ओर्गाथच्या सरदाराच्या दफनाचे हे प्रचंड चित्र रंगवले. सरदार १३२३ मध्ये वारला होता, पण भोवतीची माणसे चित्रकाराच्या काळातील तोलेदोकर आहेत. पुढे उभा असलेला लहान मुलगा म्हणजे त्याचा स्वतःचा मुलगा. आत थांबायला जागा थोडी आणि गर्दी फार, त्यामुळे मार्गदर्शकाने माहिती बाहेरच सांगून मग आत पाठवणे योग्य असते.

दोन सिनेगॉगांपैकी सांता मारिया ला ब्लांका आधी पाहावे. पांढऱ्याशुभ्र अष्टकोनी खांबांच्या रांगा आणि त्यांवर घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी पाहून ही मशीदच असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती ख्रिस्ती राज्यात, ज्यूंसाठी, इस्लामी बांधकामशैलीत उभी राहिली आणि पुढे चर्च झाली, त्यामुळे आज तिचे नाव मेरीच्या नावावरून आहे. दुसरे, एल त्रान्सितो, राजा पेद्रो याचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधले. लाकडी छत आणि भिंतींच्या वरच्या पट्ट्यांतील हिब्रू अक्षरे पाहण्यासारखी आहेत. पुढे त्याच राजाने त्या खजिनदाराला कैदेत टाकले आणि तिथेच त्याचा छळ होऊन अंत झाला. वस्तीच्या टोकाला सान हुआन दे लोस रेयेस हा मठ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या साखळ्या ग्रानादाच्या मुसलमानी राज्यातून सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या आहेत.

तिकिटांबाबत एक सोयीची गोष्ट. मनगटावर बांधायच्या पट्टीच्या रूपात सात स्मारकांचे एकत्रित तिकीट मिळते. सांतो तोमे, सांता मारिया ला ब्लांका, सान हुआन दे लोस रेयेस आणि क्रिस्तो दे ला लुथ ही चारही त्यात येतात. कॅथीड्रल आणि एल त्रान्सितो येत नाहीत. सहलीत प्रवेशशुल्क धरलेले नसेल आणि तीनचार ठिकाणी आत जायचे असेल तर ही पट्टी परवडते.

जेवण

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते चार या वेळात होते. बारा वाजता भूक लागणाऱ्या मराठी पोटाने सकाळी नीट न्याहारी करून निघावे. सहलीत जेवण धरलेले असेल तर शाकाहारी पानाची सूचना नोंदणी करतानाच द्यावी. इथे ‘मांस नको’ म्हटले तरी कोशिंबिरीत ट्यूना मासा किंवा भाजीत डुकराच्या हामोनचे तुकडे येऊ शकतात, कारण स्थानिकांच्या लेखी ते मांस या सदरात मोडतेच असे नाही. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस, मासे, हामोन वगळून, असे तिन्ही शब्द उच्चारावेत. पिस्तो ही टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगे यांसारख्या भाज्यांची शिजवलेली भाजी, मांचेगो चीज आणि पाव एवढ्यावर शाकाहारी माणसाचे व्यवस्थित भागते. पिस्तोवर तळलेले अंडे घालून देण्याची पद्धत आहे, ते नको असल्यास तसे सांगावे. बटाट्याच्या तोर्तियात अंडे असतेच. सामिष खाणाऱ्यांनी कार्कामुसास हा डुकराच्या मांसाचा टोमॅटोतला स्थानिक रस्सा चाखून पाहावा.

मोकळा वेळ आणि परतीचा प्रवास

दुपारी मोकळा वेळ मिळाला तर दुकानांपेक्षा आधी नदीपलीकडच्या मिरादोर देल वाये या जागी जावे. टॅक्सीने काही मिनिटांत पोचता येते. नदीचा वळसा, कॅथीड्रलचा मनोरा आणि अल्काथार एका नजरेत येतात, आणि सकाळभर ज्या गल्ल्यांतून फिरलो त्यांची मांडणी तेव्हा कळते. बसच्या सहली इथे सकाळी आधी आणतात. मला शेवटी येणे अधिक सार्थ वाटते.

परतीची वेळ आणि जागा मार्गदर्शकाकडून लिहून घ्यावी आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक फोनमध्ये साठवावा. तोलेदोच्या गल्ल्यांत फोनचा नकाशा चुकतो, उंच भिंतींमुळे आपण शेजारच्या गल्लीत असल्याचे दाखवतो. तेव्हा ठरल्या वेळेआधी वीस मिनिटे निघावे. बस चुकलीच तर घाबरण्याचे कारण नाही, माद्रिदला जाणाऱ्या बस संध्याकाळीही असतात.

खरेदीत दोन वस्तू खऱ्या अर्थाने इथल्या आहेत. बदाम आणि साखरेचे माथापान हे मिठाईचे वाण भौगोलिक मानांकनाने संरक्षित असून ते भारतापर्यंत उत्तम टिकते. काही आकारांवर अंड्याचा हात फिरवलेला असतो, तेव्हा अंडे न खाणाऱ्यांनी डब्यावरील घटक वाचावेत. दुसरी वस्तू दामास्किनादो, म्हणजे काळ्या केलेल्या पोलादात सोन्याची तार ठोकून काढलेली नक्षी. बिदरी काम पाहिलेल्या माणसाला तिची जात लगेच ओळखू येईल. हाताने केलेले काम आणि यंत्रावर छापलेले काम यांच्या किमतीत मोठा फरक असतो. दुकानदाराला सरळ विचारावे, आणि जिथे कारागीर समोर बसून तार ठोकताना दिसतो तिथून घ्यावे. तोलेदोचे पोलाद पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. दख्खनमध्ये ‘फिरंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारींची पातीही युरोपातूनच येत, त्यामुळे एखादे छोटे पाते घ्यावे असा मोह मराठी माणसाला होणे स्वाभाविक आहे. ते घेतलेच, अगदी पत्रे उघडायची सुरी असली तरी, विमानात चढण्यापूर्वी आठवणीने मोठ्या बॅगेत ठेवून ती बॅग विमान कंपनीच्या ताब्यात द्यावी. हातातल्या पिशवीत ते सापडले तर सुरक्षा तपासणीत काढून घेतले जाते.